पाहुणे की रहिवासी

विक्रांत करंबेळकर लोकांकडून खुलासे मागवण्याच्या नोकरीत होता. सिंगापुरात वन-नॉर्थला एका काचेच्या इमारतीत बसून तो दिवसभर अनोळखी माणसांना अतिशय नम्र इंग्रजीत विचारायचा, की ही रक्कम आपल्या खात्यात कुठून आली आणि आपण खरोखर राहता कुठे. याला ऑफिसात कंप्लायन्स म्हणतात. अशी ईमेल आली की समोरच्याची दोन दिवस जेवणावरची वासना उडते हे त्याला माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर त्याचं त्याला थोडं बरंही वाटायचं. त्यामुळे एका शनिवारी सकाळी तसलंच पत्र त्याच्याच नावाने आलं, तेव्हा त्याच्या मनात पहिला विचार आला तो असा, की यांनी दुसरा परिच्छेद जरा मऊ लिहायला हवा होता.

पत्र थेट त्याच्याकडे आलं नव्हतं. ते अमेरिकेत श्रीनिवासदादाच्या पत्त्यावर गेलं होतं, आणि दादाने फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवले होते. श्रीनिवासदादा म्हणजे विक्रांतचा मावसभाऊ, वयाने बराच मोठा, स्वभावाने भोळा. फोटो चार होते आणि चारींतही त्याचा अंगठा होता. अंगठ्याच्या आजूबाजूला जे दिसत होतं त्यावरून एवढं कळत होतं, की त्या राज्याच्या करखात्याला विक्रांतकडून पैसे हवे होते आणि ते बऱ्याच दिवसांपासून हवे होते. खाली दादाने लिहिलं होतं, "मी वाचलं नाही. फक्त फोटो काढले."

प्रकरण असं होतं. सिंगापूरला येण्याआधी करंबेळकर कुटुंब, म्हणजे विक्रांत, त्याची बायको चित्रा आणि तेव्हा लहान असलेली किमया, अमेरिकेत एका राज्यात राहत होतं. तिथे विक्रांतची नोकरी गेली. ग्रीन कार्ड असल्यामुळे त्या राज्याकडून त्याला दर आठवड्याला भत्ता सुरू झाला. पण घरभाडं झेपेना, म्हणून तिघं सामानसुमान घेऊन दुसऱ्या राज्यात श्रीनिवासदादाकडे राहायला गेली आणि सात महिने राहिली. भत्ता पहिल्या राज्याचा, राहणं दुसऱ्या राज्यात. आता अमेरिकेत प्रत्येक राज्याची चूल वेगळी. पहिलं राज्य अशा भत्त्यावर कर घेत नाही. दुसरं घेतं, आणि त्याचं म्हणणं असं की तुम्ही पैसे कुणाकडूनही घ्या, घेताना राहत होतात आमच्याकडे. दोन्ही राज्यांची नावं इथे मुद्दामच देत नाही. एकाने अडचणीत पैसे दिले, दुसऱ्याने छप्पर दिलं. उगाच कुणाचं मन कशाला दुखवा.

"किती म्हणतायत?" चित्राने विचारलं.

विक्रांतने आकडा सांगितला. तिघांच्या पुण्याच्या विमानतिकिटांपेक्षा तो कमीच होता.

"मग भरून टाक की."

"पैशाचा प्रश्न नाहीये चित्रा. तत्त्वाचा प्रश्न आहे. ज्याने दिले तो मागत नाही, आणि ज्याने दमडी दिली नाही तो मागतोय!"

पैशाचा प्रश्न नसून तत्त्वाचा आहे असं विक्रांत म्हणाला की शेवटी पैसेही जातात आणि रविवारही जातो, असा चित्राचा संसारातला अनुभव होता.

खरी अडचण वेगळीच होती. या गोष्टीबद्दल सल्ला घ्यायचा तर ती सांगावी लागणार होती, आणि सांगायची तर 'बेकारभत्ता' हा शब्द तोंडातून काढावा लागणार होता. तो शब्द करंबेळकरांच्या घरात कधी उच्चारला गेला नव्हता. पुण्याला आईवडिलांना तेव्हा 'मध्ये थोडा ब्रेक घेतलाय' असं सांगितलं होतं. सिंगापुरातल्या मित्रांना 'शिफ्ट होताना जरा गॅप पडली' असं. नवराबायको आपसांत त्या काळाला 'दादाकडे होतो तेव्हा' एवढंच म्हणत, आणि त्यातही चित्रा विषय बदलायची. त्या घरातून निघताना उल्कावहिनी हसतमुखाने दारात उभ्या होत्या. त्या हसण्याचा अर्थ काय, 'पुन्हा या' की 'सुटलो एकदाचे', हे चित्रा गेली चार वर्षं ठरवत होती. तिचा कल दुसऱ्या बाजूला होता. दिवाळीला दोघी जावा एकमेकींना पणतीचं चित्र पाठवत, त्यापलीकडे बोलणं नव्हतं.

तर, पहिला सल्ला न मागता मिळाला. विक्रांत किमयाबरोबर लिफ्टपाशी उभा राहून फोनवर ते फोटो मोठे करून बघत होता, तेव्हा शेजारच्या लिम आंटींनी मान वर करून विचारलं, "टॅक्स प्रॉब्लेम?"

"स्टेट टॅक्स," विक्रांत बेसावधपणे बोलून गेला.

"व्हिच स्टेट? जोहोर, आह?"

वुडलँड्सच्या त्या ब्लॉकमधून पलीकडचं मलेशियातलं जोहोर राज्य स्पष्ट दिसत असल्यामुळे आंटींची काही चूक नव्हती. सिंगापुरात राज्यं नाहीत. राज्य म्हटलं की पुलापलीकडचं.

"नॉट जोहोर लाह, आंटी," किमया म्हणाली. "अमेरिका."

आंटींनी विक्रांतकडे आदराने पाहिलं. "वा! सो फार ऑल्सो कॅन कॅच," त्या म्हणाल्या, आणि त्या संध्याकाळपर्यंत करंबेळकरांना अमेरिका शोधते आहे ही बातमी त्यांच्या मजल्यावर कुणाला कळायची बाकी नव्हती.

त्यामुळेच रात्रीचं जेवण होतंय न होतंय तोच वरच्या मजल्यावरचा शैलेंद्र हजर झाला. शैलेंद्र रत्नागिरीकडचा, जहाजावर चीफ इंजिनियर, त्या वेळी सुट्टीवर. जहाजावरच्या माणसाला कराचं एकच शास्त्र कळतं, आणि ते म्हणजे दिवस मोजण्याचं. वर्षातले किती दिवस भारताबाहेर होतो यावर त्यांचा सगळा हिशोब, त्यामुळे शैलेंद्र स्वतःच्या मुलीच्या वाढदिवसाला घरी जायचं की नाही हेसुद्धा पासपोर्टवरचे शिक्के बघून ठरवत असे.

"दिवस किती ते सांग," तो बसायच्या आधीच म्हणाला.

"सात महिने."

"महिने नको, दिवस. आणि त्यातले बाहेर किती? रात्र कुठे काढलीत ते महत्त्वाचं. रात्र बाहेर, तर दिवस वजा."

मग दोघांनी वजाबाकी सुरू केली. शेजारच्या राज्यातल्या समुद्रावर गेलो होतो, तेव्हा मोटेलमध्ये राहिलो, वजा. किमयाला धबधबा दाखवायला नेलं होतं, वजा. विक्रांत मुलाखतीला गेला आणि विमान चुकलं. वजा, पण ते फक्त त्याचं, चित्राचं नाही. चित्रा भांडी आवरता आवरता म्हणाली, "तेव्हा तर आपल्याकडे सिनेमाला जायचे पैसे नव्हते, आणि या हिशोबाने आपण सारखे फिरायलाच जात होतो." एवढं करूनही महिनाभरसुद्धा कमी होईना. शेवटी शैलेंद्र म्हणाला, "तुम्ही बोटीवर असायला हवं होतं," आणि झोपायला गेला.

दुसरा सल्ला विक्रांतने स्वतःहून मागितला, आणि तिथून सगळं बिघडलं.

इथल्या मराठी मंडळाच्या काही उत्साही लोकांनी रविवारी पुलाउ उबीन बेटावर सायकलींची सहल काढली होती. त्यात प्रबोध येणार होता. प्रबोध चार्टर्ड अकाउंटंट; अमेरिकन कंपन्यांचे कर भरून भरून त्याचा चेहरा कायम वैतागलेला असे. सुट्टीच्या दिवशी कुणी फुकट सल्ला विचारला तर त्याला रागच येई, आणि मंडळात तर सगळे फुकटच विचारत. म्हणून होडीतून उतरल्या उतरल्या तो सायकलवर बसला आणि पुढे सुटला. विक्रांतही सुटला. नारळीच्या झाडांमधून, जुन्या पत्र्याच्या घरांवरून, एक चढ संपला की दुसरा चढ, असा तो सायकल हाणत प्रबोधच्या शेजारी पोचला तेव्हा त्याचा श्वास भात्यासारखा चालला होता.

"प्रबोध, समज, माझा एक मित्र आहे."

प्रबोधने त्याच्याकडे न बघता गिअर बदलला.

"त्याची नोकरी गेली रे! सहा-सात महिने घरीच! भत्त्यावर!" वारा समोरून येत असल्यामुळे विक्रांतला हे ओरडून सांगावं लागलं.

"मित्र तेव्हा राहत कुठे होता?"

"नातेवाइकाकडे. दुसऱ्या राज्यात. तात्पुरता."

"ड्रायव्हिंग लायसन्स काढलं होतं तिथे?"

"हो."

"कशाला?"

"नवीन रहिवाशाने ठरावीक मुदतीत काढायला हवं असा नियम आहे. मी... म्हणजे त्याने नियम वाचला होता."

प्रबोधने ब्रेक दाबला. इतका वेळ त्याला जो माणूस टाळायचा होता त्याच्याकडे त्याने आता कुतूहलाने पाहिलं. "तुझ्या मित्राला सांग, इतक्या सरळ माणसाला कुणी वाचवू शकत नाही. आता एकच मार्ग आहे. ज्याच्या घरी राहिलात त्याच्याकडून सहीनिशी लिहून घे. हे आमच्याकडे पाहुणे म्हणून आले होते, राहायचा इरादा नव्हता, परत जायचं होतं. पाहुणा म्हटलं की रहिवासी नाही. रहिवासी नाही की कर नाही."

"मित्राला सांगतो," विक्रांत म्हणाला.

दुर्दैवाने त्यांच्या मागून मधुवंती येत होती. मधुवंती मंडळाची कार्यवाह, अत्यंत मनमिळाऊ बाई. तिने वाऱ्यावर आलेलं 'नोकरी गेली' ऐकलं, 'सात महिने घरीच' ऐकलं, आणि मित्राची गोष्ट सांगताना माणसाचे कान इतके लाल होत नाहीत हेही पाहिलं. परतीच्या होडीत विक्रांतला सगळ्यांनी मिळून खिडकीजवळची जागा दिली. त्याला वाटलं, दमलोय म्हणून.

दुसऱ्या दिवशी मधुवंती नारळाच्या वड्यांचा डबा घेऊन दारात उभी. "चित्रा, असू दे हं. प्रत्येकावर वेळ येते," एवढं हळूच म्हणून तिने चित्राचा हात दाबला. चित्राला वाटलं, पुण्याला आईचे गुडघे दुखतायत त्याबद्दल ही बोलतेय. मग फोनवर नोकऱ्यांच्या जाहिराती येऊ लागल्या. शैलेंद्रने बंदरावरच्या स्टोअरमध्ये शब्द टाकून ठेवला. मंडळाच्या वर्गणीच्या यादीत करंबेळकरांच्या नावापुढे कुणीतरी प्रेमाने 'सवडीने' असं लिहिलं. विक्रांतने सांगून पाहिलं की मला नोकरी आहे, चांगली आहे, परवाच बढतीबद्दल बोलणं झालंय. पण हे जितकं जोरात सांगावं तितके लोक समजूतदारपणे मान डोलवत. शेवटी तो शनिवारी सकाळी हॉकर सेंटरच्या खाऊच्या गाळ्यांवर इडली खायलाही ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात घालून जाऊ लागला. त्याने लोकांची खात्रीच पटली.

हे सगळं चालू असताना त्याने दादासाठी मजकूर तयार केला. मजकूर लिहिण्यात तो वाकबगार होता. 'श्री. विक्रांत करंबेळकर व कुटुंबीय हे माझ्या घरी तात्पुरते पाहुणे म्हणून मुक्कामास होते. माझे घर हे त्यांचे घर नव्हते, आणि तसे मानण्याचा उभयपक्षी कोणताही इरादा नव्हता.' इंग्रजीत हे आणखी कोरडं आणि आणखी चांगलं दिसत होतं. खाली सहीची जागा सोडून त्याने ते पाठवलं, आणि सोबत लिहिलं, "दादा, तू आणि वहिनी इथे सही करून पाठवा. फॉर्मॅलिटी आहे." कशाची फॉर्मॅलिटी, ते लिहिलं नाही. ते लिहायचं तर तो शब्द आला असता.

चित्राने मजकूर वाचला तो रात्री.

"हे तू उल्कावहिनींच्या सहीसाठी पाठवलंस?"

"हो. का?"

"पाहुणे? सात महिने? सात महिने पाहुणे कोण राहतं विक्रांत? त्याला वेगळा शब्द आहे."

"कोणता?"

"तो मी तोंडाने म्हणणार नाही." पण लगेच ती म्हणालीच. "आश्रित. आपण त्यांच्या घरी आश्रित होतो असं तू त्यांच्याकडून सहीनिशी लिहून मागतोयस."

"अगं, कायद्याच्या भाषेत..."

"कायद्याचं मला सांगू नकोस. मी त्या घरात रोज पोळ्या केल्या आहेत. दोन वेळच्या. पाहुणीला कुणी पोळ्या लाटायला लावत नाही."

"वहिनींनी कुठे लावल्या? त्या नकोच म्हणायच्या. तूच आपणहून..."

"म्हणूनच!" चित्रा म्हणाली. कर द्यावा लागेल की नाही हा विक्रांतचा प्रश्न होता. तिचा प्रश्न असा होता, की त्या सात महिन्यांत आपण त्या घरावर ओझं होतो का. गेली चार वर्षं तिला तो कुणाला विचारता आला नव्हता, आणि आता नवऱ्याने तो सरकारी कागदावर, उत्तरासकट, अमेरिकेला पाठवून दिला होता. "सही आली तर मला दाखवू नकोस," ती म्हणाली.

सही आली नाही. आठवडा गेला, दुसरा गेला. दादा दर वेळी काहीतरी कारण देई. प्रिंटर बिघडलाय. शाई संपलीय. नोटरी मासेमारीला गेलाय. शाळेचा अभ्यास टाळायला खोटी कारणं द्यायला शिकलेल्या किमयाने ती ऐकून सांगितलं, "बाबा, ही डझन्ट वॉन्ट टू साइन लाह." चित्राने त्याचा अर्थ वेगळा लावला. वहिनींना 'पाहुणे' हासुद्धा शब्द जास्त वाटत असणार.

इकडे करखात्याची मुदत संपत आली. विक्रांतने कळवलं की लेखी निवेदनाला उशीर होतोय. तिकडून उत्तर आलं, मग आपण फोनवरच बोलू, घरमालकांनाही बोलवा. वेळ ठरली ती तिकडच्या दुपारची, म्हणजे सिंगापूरची सकाळी सातची. विक्रांत इस्त्रीचा शर्ट घालून जेवणाच्या टेबलाशी बसला. फोनवर शर्ट दिसत नाही हे चित्राने सांगून पाहिलं. ती स्वतः ओट्यापाशी किमयाचा डबा भरत होती, आणि आपलं तिकडे लक्ष नाही असं दाखवत होती.

अधिकारी बाईंचा आवाज गोड होता. त्यांनी करंबेळकर म्हणायचा एकदा प्रयत्न केला, अर्ध्यात सोडला आणि पुढे 'मिस्टर विक्रांत' म्हणू लागल्या. विक्रांतने आपली बाजू फार छान मांडली. तात्पुरता मुक्काम, आपत्कालीन परिस्थिती, मूळ राज्यात परतण्याचा इरादा. आपण समोरच्या बाजूला असतो तर हा खुलासा मान्य केला असता, असं त्याला वाटून गेलं.

"थँक यू," बाई म्हणाल्या. "आता घरमालक. सर, मिस्टर विक्रांत तुमचे कोण?"

"भाऊ," श्रीनिवासदादा अमेरिकेतून म्हणाला.

"इथे कझिन लिहिलंय."

"मावशीचा मुलगा. म्हणजे भाऊच."

"बरं. ते आणि त्यांचं कुटुंब तुमच्याकडे पाहुणे होते का?"

पलीकडून दादाचा घसा खाकरण्याचा आवाज. मग, "मॅडम, याबाबतीत मला जरा... उल्का, तू बोल."

ओट्यापाशी चित्राचा हात थांबला.

"पाहुणे?" उल्कावहिनींचा आवाज स्पीकरवरून घरभर पसरला. "कोण म्हणालं पाहुणे? भावजी, तुम्ही म्हणालात? तो कागद खरंच तुम्ही लिहिलात? मला वाटलं कुणा वकिलाने लिहिला. आमचे हे दोन आठवडे नीट जेवले नाहीत तो कागद वाचून! 'माझे घर हे त्यांचे घर नव्हते,' यावर सही करा म्हणे!"

"मॅम, इंग्रजीत, प्लीज," अधिकारी बाई म्हणाल्या.

मग वहिनी इंग्रजीत बोलू लागल्या, आणि त्यांना थांबवणं कुणाच्याही हातात राहिलं नाही. आपल्या माणसांवर काहीतरी भलता आळ आलाय, ही माणसं कुणाच्यातरी घरी फुकट पडून होती असं सरकारला वाटतंय, एवढंच त्यांना कळलं होतं. तो आळ त्या पुसून काढायला निघाल्या होत्या. "मॅडम, ते पाहुणे अजिबात नव्हते. ते इथे राहत होते. व्यवस्थित, सन्मानाने राहत होते. टपालपेटीवर त्यांचं नाव होतं. नाव इतकं लांब, की आम्हाला नवी मोठी पेटी आणावी लागली."

तिकडून टाइप करण्याचा आवाज येऊ लागला.

"मुलगी शाळेत जायची?"

"आमच्याच शाळेत! पहिल्या आठवड्यात नाव घातलं. आणि लायसन्स विचारा ना. महिन्याच्या आत काढलं! आमचे भावजी फार कायदेशीर आहेत. लायब्ररीचं कार्डसुद्धा होतं."

विक्रांतने डोळे मिटून घेतले. "वहिनी," तो क्षीण आवाजात म्हणाला. "वहिनी, एक मिनिट..."

"तुम्ही थांबा भावजी, मी सांगते त्यांना नीट. मॅडम, माझं स्वयंपाकघर आहे ना, ते चित्राने लावलंय. कुठला डबा कुठे, ते सगळं तिचं. अजून तसंच आहे. कुणी हलवलं तर मला सापडत नाही. पाहुणी बाई दुसरीच्या घरातले डबे लावते का, तुम्हीच सांगा."

टाइप करण्याचा आवाज थांबला. "मॅम, शेवटचा प्रश्न, पण महत्त्वाचा. त्यांचा परत पहिल्या राज्यात जायचा विचार होता का?"

"परत?" वहिनी म्हणाल्या. "परत कशाला जातील? मी जाऊच दिलं नसतं. दोन गल्ल्या सोडून एक घर बघून ठेवलं होतं मी त्यांच्यासाठी. एजंटशी बोललेसुद्धा होते. सांगणार होते चित्राला, तेवढ्यात यांची सिंगापूरची नोकरी आली. मग काय बोलणार? चांगली नोकरी. हसून पाठवलं." इथे वहिनींचं इंग्रजी संपलं. पुढचं त्या मराठीतच म्हणाल्या, आणि अधिकारी बाईंनीही त्यांना टोकलं नाही. "मग कितीतरी दिवस पाच जणांचीच कणीक भिजवत होते मी. हे ओरडायचे."

चित्रा डब्याचं झाकण हातात धरून तशीच उभी होती.

अधिकारी बाईंनी सगळ्यांचे मनापासून आभार मानले. इतकी स्पष्ट साक्ष आपल्याला क्वचितच मिळते, असंही त्या म्हणाल्या. कुटुंब निःसंशय आमच्या राज्याचं रहिवासी होतं. कर आणि व्याज भरावं लागेल. मिस्टर विक्रांत यांना नियमांची कल्पना नव्हती असं दिसतं, म्हणून दंड नाही. नियमांची कल्पना नव्हती हे वाक्य विक्रांतला कराच्या रकमेपेक्षा जास्त लागलं.

फोन बंद झाला आणि लगेच पुन्हा वाजला. वहिनीच होत्या. "भावजी, आत्ता त्या बाई फोनवर नाहीयेत ना? नीट बोलले ना मी? मला तर मेलं कापरंच भरलं होतं. पण गप्प झाल्या ना त्या! वाचवलं की नाही तुम्हाला?"

विक्रांतने तोंड उघडलं. मुद्देसूद उत्तर तयार होतं: कलम, परिणाम, रक्कम. पण चित्राने येऊन त्याच्या हातातून फोन घेतला.

"वाचवलंत, वहिनी," ती म्हणाली. मग नाक पुसून तिने विचारलं, "कुठलं घर हो? ते निळ्या दाराचं का?" आणि फोन घेऊन आतल्या खोलीत गेली.

किमया दप्तर खांद्याला लावून उभी होती. "सो बाबा, वुई विन ऑर लूज?"

"लूज," विक्रांत म्हणाला.

"देन व्हाय आई क्रायिंग अँड लाफिंग, बोथ?"

"तू शाळेत जा."

त्याला स्वतःलाही ऑफिसला जायचं होतं, पण आत फोन चालू होता आणि तो त्याचाच होता, त्यामुळे तो बसून राहिला. मधुवंतीच्या डब्यात दोन वड्या उरल्या होत्या, त्या त्याने खाल्ल्या. आतून डब्यांचं, किमयाच्या उंचीचं, कुणाच्यातरी गुडघ्याचं बोलणं ऐकू येत होतं. मध्येच चित्रा मोठ्याने म्हणाली, "नाही हो वहिनी, एक पैसासुद्धा नाही! तुम्ही बोललात ना, मिटलं सगळं." ते ऐकून त्याने लॅपटॉप उघडला आणि सबंध रक्कम व्याजासकट भरून टाकली.

उल्कावहिनींनी पुढे त्यांच्या गावातल्या सगळ्या मराठी घरांतून सांगितलं, की आपण एका फोनमध्ये करखात्याला गप्प केलं. करंबेळकरांच्या घरातून ते आजतागायत कुणी खोडून काढलेलं नाही.